बसलेला आवाज

सोमवार, ४ मार्च

चिरंजीव बाळ्यास,

बाबांचे आशीर्वाद. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला बाळ्या म्हणू नये हे कळतं, पण जित्याची खोड. इकडे सगळं ठीक आहे. तुम्ही दोघं आणि छोटी खुशाल असाल.

चर्चच्या ग्रंथालयात वरच्या मजल्यावर वाळवी लागली. व्याकरणाची दोन कपाटं तिनं फस्त केली, पण प्रवचनांच्या पुस्तकांना तोंडसुद्धा लावलं नाही. खजिनदारांना सांगितलं तर म्हणतात, "पाळकसाहेब, वाळवीलाही आवडनिवड असतेच की!" वर्षानुवर्षं दर रविवारी मी या माणसाला उपदेश करतोय.

जुन्या हस्तलिखितांची सूची निम्म्यावर आली आहे. ती आता माझ्या हातून पुरी व्हायची नाही. नव्या ग्रंथपालबाई हुशार आहेत. कुठली शिडी डुगडुगते आणि कुठल्या पोथीची पानं नुसत्या बोटानं तुटतात, ते सगळं त्यांना दाखवून ठेवलं.

माझा घसा जरा धरला आहे. रविवारी आवाज तिसऱ्या बाकापलीकडे जात नाही, त्यामुळे मंडळी पुढे येऊन बसतात. इतकी वर्षं "पुढे बसा, पुढे बसा" म्हणून घसा कोरडा केला, तेव्हा कोणी हललं नाही.

हसण्यावारी किती नेणार? गाठ आहे, आणि वाईट आहे. डॉक्टरांनी विचारलं, "आवाज कधीपासून बसलाय?" मला सांगताच येईना. सोमवार ते शनिवार मी ग्रंथपाल. तिथे कुजबुजण्याखेरीज काय बोलणार? सगळेच हळू बोलतात, मग माझं कोणाच्या लक्षात येणार? रविवारी व्यासपीठावर घोगरा लागला की म्हणायचं, आठवडाभर वापरला नाही म्हणून असेल. असं म्हणता म्हणता दोन हिवाळे गेले. "आधी आला असतात तर..." एवढंच डॉक्टर बोलले.

तुझी आई असती तर पहिल्याच दिवशी म्हणाली असती, "अहो, घशाला काय झालंय तुमच्या?" मोठ्यानं बोलायचो ते मी घरात, तिच्याशीच. आता घरात बोलायला आहे कोण?

येत्या गुरुवारी शस्त्रक्रिया आहे. स्वरयंत्र सगळंच काढणार. श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून घ्यायचा. बोलणं संपलं.

दफनभूमीच्या फाटकाशी तू मला म्हणालास, "आईला मातीत ठेवताना तुमचा आवाज जरासुद्धा कापला नाही, बाबा." आणि गेलास. त्यानंतर तुझा शब्द नाही. तिनंच मला सांगून ठेवलं होतं, "माझ्या दफनाची प्रार्थना तुम्हीच वाचा. परक्याच्या तोंडून नको." तिला शेवटचं ऐकवायचं होतं, मग ते नीट वाचायला नको? तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. राग आला होता मला तुझा. थोडा अजूनही आहे.

काल शेवटची उपासना घेतली. देवाकडे आवाज मागितला नाही. मागून मिळाला नसता, आणि मग त्याच्यावरही रुसावं लागलं असतं. या वयात रुसायला माणसं फार उरलेली नाहीत. खरं सांगायचं तर तो ऐकतो असं आताशा वाटतही नाही. हे मी व्यासपीठावरून बोललो नाही, तुला सांगतोय.

दुपारी तुला फोन लावला, परत लावला. वाजून वाजून बंद झाला. कामात असशील, असं मी म्हणतो. मोठं काही बोलायचं नव्हतं. छोटी शाळेत रमली का, एवढंच विचारलं असतं. मग तू काहीतरी म्हणाला असतास. जे म्हणाला असतास ते. निदान माझ्या आवाजाला तुझं उत्तर आलं असतं.

इथून तुझ्याकडे टपालाला आठवडा लागतो. म्हणजे तू हे वाचशील तेव्हा गुरुवार होऊन गेलेला असेल. ये म्हणत नाही. येऊन ऐकणार काय? पण कधी वाटलंच तर घरच्या फोनवर फोन कर. मी उचलीन. इकडून काही ऐकू येणार नाही. कोणी नाही असं समजून फोन ठेवू नकोस. मी असेन.

तुझा,
बाबा