दोन टायर शर्यतीला, दोन पूजेला

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
बुधवार, २३ ऑक्टोबर १९९६, सकाळी सव्वासात
(गॅसवर दूध तापत ठेवून, एक डोळा त्याच्यावर ठेवून लिहीत आहे.)

तीर्थरूप दाजींना हेरंबचा साष्टांग नमस्कार.

सोमवारी शेजारच्यांच्या फोनवर तुम्ही मला नमस्कारापर्यंत पोचूच दिलं नाहीत, म्हणून तो आज सगळ्यात आधी. शिलाँगच्या ओल्या हवेत तुमचा गुडघा कसा आहे? मेसच्या जेवणाने पोट बिघडत नाही ना? इकडे ताई मजेत आहे, तुमच्या मातोश्री ठणठणीत आहेत (इतक्या, की या सगळ्याचं मूळ त्यांच्यातच आहे) आणि गाडी चालू स्थितीत आहे. हे शेवटचं कृपया पुन्हा वाचावं. गाडी उलटली नाही. तुमच्या ऑफिसातल्या अंबादास यांनी रविवारी रात्री एसटीडी लावून तुम्हाला कळवलं, की तुमच्या मेव्हण्याने मारुतीचा चुराडा केला, आता मिळेल त्या भावात मलाच देऊन टाका. तुम्हीही लगेच ‘पहिल्या तारखेला चेक घेऊन या’ म्हणून मोकळे झालात. दाजी, चुराडा झालेली गाडी पगाराच्या दिवशी कोण विकत घेतं? आणि रविवारी भर दुपारी द्वारकेच्या त्या धुळीत आपण स्वतः काय करत होतो, हे त्यांनी सांगितलं का? नाही सांगितलं. ते शर्यतीत होते! पाचवे आले. गाड्या पाचच होत्या.

तुमचा दुसरा गैरसमज असा, की गाडी मी चालवली. माझ्याकडे लायसन्स नाही, आणि परवान्याशिवाय मी रेडिओसुद्धा लावला नसता. (चालकाबद्दल पुढे लिहितो.) माझ्याकडे काम एकच होतं, टायर निवडण्याचं, आणि त्यात माझ्यावर जो अन्याय झाला, त्याबद्दल मात्र कोणी एसटीडी लावत नाही. रॅलीक्रॉस म्हणजे चार-पाच गाड्या एकदम सोडायच्या आणि अर्ध्या डांबरी, अर्ध्या मातीच्या वाटेवर गोल गोल पळवायच्या. द्वारकेत सेक्टरांना नंबर मिळालेत, माणसं अजून मिळायची आहेत, त्यामुळे अशी वाट तिथे आयती आहे. एका हौशी क्लबाने दोऱ्या बांधल्या, ड्रम ठेवले, की झालं मैदान तयार. आता यातला पेच बघा. डांबराला कमी नक्षीचा टायर लागतो, मातीला खोल नक्षीचा. डांबराचा टायर मातीत जागच्या जागी फिरतो आणि मातीचा डांबरावर नुसता ओरडतो. दोन्हीकडे चालेल असा, आणि तोही आपल्या आठशेच्या बारा इंची चाकाला बसेल असा टायर शोधायचा होता. त्यासाठी मी काश्मिरी गेटला इतक्या खेपा घातल्या, की शेवटी शेवटी एक दुकानदार मला बघून शटर अर्धं खाली ओढायला लागला.

तिथल्या लोकांबद्दल लिहायचं तर वेगळं पत्र लागेल. मी आगपेटीची काडी घालून नक्षीची खोली मोजत होतो, तर एकजण म्हणाला, “भाईसाहब, रेस में जाना है या खेत जोतना है?” दुसऱ्याने रबर चढवलेला जुना टायर नवा म्हणून पुढे केला, मी नख लावलं तर पट्टीच हातात आली, आणि वर तोच मला म्हणतो, माल खराब केलास! तिसरा म्हणाला, अब तो सब बाहर का आता है, ये जर्मनी का है. (देश उघडा झाला हे खरं, पण जर्मनीतला टायर फरीदाबादच्या गोदामातून हातगाडीवर आलेला मी त्याच सकाळी पाहिला होता.) अखेर मनासारखे चार मिळाले. मधोमध जोडून आलेली नक्षी, कडेला जाड खाचा. ताई म्हणाली, एवढा अभ्यास बारावीला केला असतास तर आज टायर शोधत फिरला नसतास. हे तिचं मत आहे. मी फक्त नोंदवतो.

(दूध उतू गेलं. यालाही आता मीच जबाबदार.)

शनिवारी संध्याकाळी पुढचे दोन टायर चढवून झाले आणि दुकानाची लाइट गेली. मेकॅनिक म्हणाला, कल सुबह. राहिलेले दोन मी ऑटोत घालून घरी आणले आणि पुढच्या खोलीत भिंतीला टेकवून झोपलो. माझी चूक एवढीच. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. मी आंघोळ करून बाहेर येतो तो चौरंगावर विळी, अडकित्ता, तुमचा टाइपरायटर, शिलाई मशीनचं चाक, आणि दोन्ही बाजूंना द्वारपालांसारखे माझे टायर. हळदकुंकू लावलेले, झेंडूच्या माळा घातलेले, निरांजन ओवाळून झालेलं. मी हात पुढे केला तर मातोश्री म्हणाल्या, “खबरदार. शस्त्र पूजेला बसलंय. उद्या सीमोल्लंघनाला उठेल.”

“काकू, ते टायर आहेत.”

“मग विळी काय तलवार आहे?”

मी ताईकडे बघितलं. ती तुमच्या मातोश्रींची सून. तिने प्रसादाची वाटी माझ्या हातात दिली. थोडक्यात, आपली गाडी शर्यतीला उभी राहिली ती पुढे माझे खोल नक्षीचे टायर आणि मागे तुमचे, ज्यांची नक्षी तुम्ही शिलाँगला जायच्या आधीच संपवली होती. ही जोडी जगातला कोणताही शहाणा माणूस लावणार नाही. मी डोळे मिटून घेतले.

आणि तिथेच अन्याय झाला. पहिल्या मातीच्या वळणावर अंबादास यांच्यासकट सगळे सरळ बाहेर घसरत गेले. आपल्या गाडीचं पुढचं तोंड जमिनीला धरून राहिलं आणि मागचं गुळगुळीत अंग असं भर्रकन फिरून आलं, की वळण संपायच्या आत गाडी पुढच्या रस्त्याला लागलेली! एकदा जास्त फिरली, तोंड उलटं झालं, डावा आरसा ड्रमला देऊन पुन्हा सरळ झाली. (अंबादास यांचा ‘चुराडा’ तो हाच.) आपण पहिले आलो. आता सगळं लक्ष्मीबाई नगर म्हणतं, इंदुमतीकाकूंनी पूजा केली म्हणून गाडी जिंकली. तीन आठवडे काडी घेऊन मी वणवण हिंडलो त्याचं कोणी नावही काढत नाही. बरं, चारही टायर माझे असते तर आपण तिसरे आलो असतो, हेही मला आता कळतंय. पण ते मी या पत्राबाहेर मान्य करणार नाही.

मोठ्यांपुढे चिडून लिहिलं, त्याबद्दल क्षमा असावी.

तुमचा, निर्दोष,
हेरंब

ता. क. चालकाबद्दल लिहायचं राहिलं. ‘गाडी उभी ठेवू नका, बॅटरी उतरेल’ असं तुम्ही जाताना सांगून गेलात, म्हणून ताई मे महिन्यात गाडी शिकली. लायसन्स तिचं आहे. शर्यतही तिचीच. अंबादास यांनी तिला आरंभरेषेवर ओळखलं होतं, “वहिनी, सांभाळून हं, ही काही भाजीमंडई नाही” असंही म्हणाले होते. चालकाचं नाव त्यांनी तुम्हाला का सांगितलं नाही, ते आता लक्षात आलंच असेल.

ता. क. दुसरा. तेव्हा गाडी विकायची नाही, अशी तार अंबादास यांच्या नावाने ताबडतोब करावी. डिसेंबरात पुन्हा शर्यत आहे. मातोश्री ताईच्या शेजारी बसणार म्हणतात. ते जमत नाही हे तुम्हीच सांगावं, माझं ऐकत नाहीत.

हिशोब: टायर चार, ४,४०० रुपये, ताईच्या भिशीतून. आरसा एक, १२० रुपये, माझ्या खिशातून. येणे: अंबादास यांच्याकडून शंभर रुपये, आरंभरेषेवर ताईशी लावलेल्या पैजेचे. पहिल्या तारखेला ते दारात येतील तेव्हा चेक किती रुपयांचा फाडायचा, ते तुमच्या तारेवर अवलंबून आहे.