आजोबांच्या फियाटचा रोटर

प्रिय श्रुतिका,

बाय माझी, आधी आनंदाची बातमी. आपली फियाट चालू झाली. काल सकाळी अशी धडधडली की वरची माधुरी लाटणं हातात घेऊनच गॅलरीत आली. मी नारळ वाढवला, बॉनेटला हळदकुंकू लावलं, खोबरं अख्ख्या सोसायटीत वाटलं. तुझ्या आईला फोन केला तर म्हणते, आई, माझ्या बारशाला तरी एवढी खूश होतीस का गं. आता हिला काय सांगायचं.

पार्सलात डिंकाचे लाडू आहेत. मुकुलला दे, पण बेताने दे, लग्नाच्या शेरवानीचं माप देऊन झालंय त्याचं. ब्लाउजचं कापडही पाठवलंय. हे पत्र मुद्दाम कापडाच्या घडीत घातलंय. फोनवर बोलायचं तर आपलं घर केवढं, इकडून बोललं की तिकडे खुर्चीत आजोबांना ऐकू जातं. अक्षर चौथीतलं आहे माझं, पुढे शाळा झालीच नाही, तर सांभाळून घे.

तू गणपतीत म्हणालीस ना, आईसारखीच मी पण लग्नाच्या हॉलवर फियाटमधून जाणार आणि गाडी आजोबाच चालवणार. तेव्हापासून ह्यांना दुसरं सुचत नाही. अंघोळ, पूजा, मग फडकं घेऊन खाली. मुलुंडमध्ये एवढी चकचकीत म्हातारी गाडी दुसरी नसेल. पण चावी फिरवली की नुसती घर्रघर्र. स्टार्टर फिरतोय, इंजिन काही पकडत नाही. तळमजल्यावरचा धवल म्हणाला, बॅटरी उतरली असेल. त्याने आपल्या गाडीला वायर लावून करंट दिला. घर्रघर्र जोरात झाली, एवढंच. मग कोणीतरी म्हणालं, पेट्रोल शिळं झालंय. पेट्रोल शिळं होतं हे मला नवीनच. मी म्हटलं, आमच्याकडे शिळ्या भाताचा फोडणीचा भात करतात, ह्याचं काय करायचं. ते काढून नवीन घातलं, तरी नाही. आजोबा नुसते टायरला लाथ मारून म्हणायचे, रुसली आहे.

मग रविवारी मरोळहून आपला गॅरेजवाला मिथुन आला. तुला मांडीवर घेऊन हॉर्न वाजवू द्यायचा तोच. त्याने प्लग काढून घासले, एक प्लग वायरीला लावून पत्र्याला टेकवला, ठिणगी पडते का बघायला. ठिणगी नाही. मग ते काळं झाकण असतं ना, ज्यातून कोळ्याच्या पायांसारख्या वायरी निघतात, ते उघडलं आणि हसायलाच लागला. म्हणाला, काकी, रोटरच नाही आत, गाडी काय अगरबत्तीवर चालणार?

रोटर म्हणजे अंगठ्याएवढा तुकडा गं. आत गोल फिरून एकेका प्लगला करंट पोचवतो. तो नसला की दिवसभर चावी फिरव, काही होत नाही. आपल्या गल्लीतली नाईकांची फियाट चोरीला गेली होती, तुझ्या आईच्या शाळेच्या वेळी. तेव्हा कुणाचीही चावी कुणाच्याही फियाटला लागायची. तेव्हापासून आजोबा रोज संध्याकाळी रोटर काढून रुमालात गुंडाळून वर आणायचे आणि देव्हाऱ्यातल्या पितळेच्या डबीत ठेवायचे. सकाळी पूजा झाली की तीर्थ घेऊन रोटर खिशात. मी चिडवायची, देवाला रोज गाडीचा नैवेद्य दाखवता का हो.

म्हणून मीही हसले. म्हटलं, अहो, डबीतून आणायचाच राहिला ना? तर माझ्याकडे बघून म्हणाले, कसली डबी? शेजारच्या घरातलं विचारल्यासारखं. आणि मग मिथुनवर घसरले. तूच नेलास, विकलास, चोर कुठला, असं सगळ्यांसमोर. ज्याला स्वतःच्या हाताने पाना धरायला शिकवला त्याला. मिथुनने हात पुसले आणि म्हणाला, हो काका, चुकून माझ्या पिशवीत गेला असेल, आणून देतो. एवढंच. मला त्याच्याकडे बघवेना, मी वर निघून आले.

देवाचं सगळं तेच करतात, मी नुसती फुलं काढून देते, तुला माहीत आहे. डबी उघडली तर आत गोळ्या. प्रेशरच्या पांढऱ्या आणि डॉक्टरांनी विसरायला होतं म्हणून दिलेल्या त्या पिवळ्या. जेवणानंतर मी हातावर ठेवते, पाण्याचा पेला देते, घेतली म्हणतात. सगळ्या एकमेकींना चिकटलेल्या, कुंकू लागलेलं. पाटावर बसून राहिले मी, खाली चहा न्यायचा होता तेही सुचेना. रोटर मात्र नाही सापडला. तांदळाचा डबा बघितला, चपलांचं कपाट बघितलं, त्यांच्या कोटाचे खिसे बघितले. नाही म्हणजे नाहीच.

काल मिथुन दुसरा रोटर घेऊन आला आणि म्हणाला, काका, सापडला बघा, माझीच चूक. बसवला आणि पहिल्या फटक्यात गाडी चालू. काय सांगू तुला ह्यांचा चेहरा. कामावरून पहिला बोनस घेऊन आले होते तेव्हा दिसले होते तसे. मीही सगळं विसरून नारळ घेऊन धावले. खोबरं वाटून मागे वळते तर हे स्टिअरिंगवर बसून वर गॅलरीकडे बघून ओरडतायत, सुनंदा, आटप गं, मुहूर्त टळेल. तुझ्या आईला. ती बोरिवलीला तिच्या घरी, तिचे केस पिकायला लागले. मी म्हटलं, येतेय हो. तर ह्यांनी गिअर टाकलाच. गाडी सरकली गेटकडे, गेटाशी पोरं क्रिकेट खेळत होती. मिथुनने खिडकीतून हात घालून चावी बंद केली. कुणाला काही झालं नाही बाय, घाबरू नकोस. पण रात्री चावी करगोट्याला बांधून झोपले. मी मागितली तर म्हणाले, तू कोण मागणारी, लेकीला मीच पोचवणार. डॉक्टरांकडे गुरुवारी नेतेय, गोळ्याही आता गिळेपर्यंत समोर बसते.

तर हे असं आहे. लग्नात गाडी येईल, फुलं लावून येईल, पण चालवेल मिथुन. हे त्यांना माझ्याने सांगवत नाही आणि तुझ्या आईचं ते ऐकायचे नाहीत. तुझं ऐकतात. येत्या शनिवारी ये. त्यांच्या शेजारी बसून म्हण, मला एकटीला मागे भीती वाटते, तुम्ही माझा हात धरून मागे बसा, चावी मिथुनला द्या. देतील. बहुतेक तुला बघून सुनंदा म्हणून हाक मारतील. मी बाजूलाच असेन, पण माझ्याकडे बघू नकोस. नुसती ओ दे.

तुझीच,
रुक्मिणीआजी