अल्कोहोलमधला उजेड

तार्तू, ४ मार्च २००२

आत गेलं! माझं पेप्टाइड, प्रथिनाचा तो इवलासा तुकडा, पेशीत गेलं — नुसतं आत नाही, थेट केंद्रकात! रंग जोडलेला असल्यानं सूक्ष्मदर्शकाखाली हिरवंगार चमकत होतं. आणि रिकाम्या हातानं नाही. जनुकाच्या संदेशातली चूक झाकणारा रेणू सोबत घेऊन गेलं. त्या रेणूला एकट्याला पेशी दारातही उभं करत नाही.

माझे मार्गदर्शक प्रोफेसर सार्निट बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हं. बरं आहे." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे दुसऱ्या कुणी टेबलावर चढून नाचण्यासारखं. प्रयोगशाळेच्या दारावर त्यांचं ते चित्र आहे, चौकटीतलं — त्यांचं पहिलं पेप्टाइड, असंच चमकणारं केंद्रक. त्यावरच त्यांचं नाव झालं. आता शेजारी माझं लागेल. जूनमध्ये डॉक्टरेटच्या प्रबंधाचा बचाव. मला कोण अडवतंय!

९ मार्च

उर्वेबरोबर सौनात, वाफेच्या स्नानाला गेले. शेजारच्या टेबलावर काम करते ती, आणि कुणालाही धड मिरवू देत नाही. भूर्जाच्या डहाळ्यांनी माझी पाठ झोडता झोडता विचारते, "जिवंत असताना बघितल्यास का गं त्या पेशी?"

"जिवंत कोण बघतं? अल्कोहोलमध्ये पक्क्या करायच्या, मग बघायच्या. सगळे तसंच करतात."

"मालक मेल्यावर घरात कुणीही शिरेल की, लेम्बी."

जळते माझ्यावर, दुसरं काय! तिला पळवून लावायला मी तापल्या दगडांवर पाणी ओतत राहिले. ती ढिम्म. शेवटी मलाच बाहेर पळावं लागलं.

१२ मार्च

जिवंत पेशी बघितल्या. केंद्रक काळं.

१३ मार्च

रडून झालं. आता नीट लिहिते.

पेप्टाइडवर धन भार, पेशीच्या पटलावर ऋण. म्हणून ते बाहेरूनच चिकटून बसतं. मग पेशी पटलाची घडी आत ओढते, तिची इवलीशी पिशवी करते, आणि पेप्टाइड त्या पिशवीत बंद. जिवंत पेशीत मला तेवढेच दिसले — कडेकडेचे ठिपके. आत आहे, पण पेशीला उपयोग शून्य. मी अल्कोहोल ओतलं की पटलाची चाळण व्हायची, पिशव्या फुटायच्या आणि सगळं केंद्रकाला जाऊन चिकटायचं. म्हणजे आत पोचवणारी मीच!

जूनमध्ये काय दाखवू? ठिपके?

प्रोफेसरांना सांगितलं. ते दारावरच्या चित्राकडे बघत राहिले. "तुझ्या पेप्टाइडचं तसं असेल," एवढंच म्हणाले. तुमच्याचं काय, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

२ एप्रिल

नदीवरचा बर्फ गेला. माझ्या डोक्यातलाही!

पेप्टाइड आत न्यायची चिंता नकोच, पेशी त्याला स्वतःच ओढून घेते. पिशवी फोडायला हवी. पिशवीची भिंत स्निग्ध. मग पेप्टाइडला स्निग्धाम्लाचं लांब शेपूट लावलं तर? ते भिंतीत घुसेल, भिंत खिळखिळी करेल.

उर्वे म्हणाली, "शेपूट? तुझं पेप्टाइड माकड आहे का?" आणि स्वतःच्या कपाटातून स्निग्धाम्लाची बाटली काढून माझ्या टेबलावर आदळली. ही बाई मला कधी कळणार नाही.

६ मे

झालं! झालं! झालं!

नुसत्या डोळ्यांवर आता माझा विश्वास नाही. म्हणून उर्वेकडच्या खास पेशी घेतल्या. त्यांच्यात काजव्याच्या प्रकाशाचा संदेश आहे, पण मुद्दाम बिघडवलेला. माझा रेणू केंद्रकात पोचून चूक झाकेल, तरच पेशी उजळणार. अल्कोहोलचा थेंबही नाही. नुसता रेणू — अंधार. बिनशेपटाचं पेप्टाइड — जेमतेम. शेपटाचं — मापकावरचा आकडा चढतच गेला, चढतच गेला!

उर्वेनं पेशी धडधाकट आहेत ना ते स्वतः तपासलं, दोनदा. मग म्हणाली, "जिवंत आहेत मेल्या." आणि मला अशी मिठी मारली की बरगड्या अजून दुखतायत. नदीकाठानं पळत घरी आले. गळ टाकून बसलेला एक म्हातारा रागानं बघत होता. त्याचे मासे पळाले असणार. पळू देत!

७ मे

प्रोफेसरांनी आकडे पाहिले. "जिवंत?"

"जिवंत."

"हं." मग म्हणाले, "सूक्ष्मदर्शकाच्या खोलीची किल्ली ठेवून जा."

उर्वे सांगते, दुपारभर आतून कडी लावून बसले होते. त्यांचं जुनं पेप्टाइड शीतकपाटातून नेलं होतं.

५ जून

परवा बचाव. क्रिंगेल सांगून ठेवला, वेटोळ्याचा गोड पाव, मोठ्यातला मोठा, भरपूर मनुके घातलेला. बचावात उलटतपासणी घेणारे प्रतिवादी फिनलंडहून येतायत. एकच धास्ती आहे. त्यांनी विचारलं, तुझी चमक खोटी होती तर दारावरच्या चित्राचं काय? खोटं बोलणार नाही मी. पण ज्यांनी मला पेशी हातात धरायला शिकवलं, त्यांना भर सभेत कसं पाडू?

७ जून

डॉक्टर झाले!

प्रतिवादींनी विचारलंच. मी तोंड उघडलं, आणि पहिल्या रांगेतून प्रोफेसर उभे राहिले. मार्गदर्शकानं अशा वेळी बोलायचं नसतं.

"त्या चित्रातल्या पेशी मेलेल्या होत्या," ते म्हणाले. "मी मारल्या होत्या. या मुलीनं जिवंत बघितल्या, म्हणून मीही बघितल्या."

क्रिंगेल घेऊन प्रयोगशाळेत गेलो, तर दारावर नुसता खिळा होता.