एकेचाळीस नंबरची ज्वारी

१२ ऑगस्ट २००९
अठरा दिवस पाऊस नाही! दुसऱ्या पेऱ्याची ज्वारी गुडघ्यावरच थांबली, पानं सुरळीसारखी वळली. एकेचाळीस नंबरची रांग तेवढी हिरवी. सात वर्षं कणसांवर कागदी पिशव्या चढवून, एकाचे पराग दुसऱ्यावर झटकून हिला इथवर आणलं. मागच्या हंगामात हिच्या धांड्याच्या रसात साखर एकवीस टक्के! इथेनॉलसाठी यापेक्षा गोड वाण आमच्या संशोधन केंद्रात नाही.

प्रयोगशाळेचा कागद आला. कोवळ्या पानात सायनाइड — जनावर सोसेल त्याच्या चौपट. या घराण्यात गोडी आणि विष जोडीनेच उतरतंय. पाणी तुटलं की विष आणखी चढतं. पुढच्या पिढ्यांत दोन्ही वेगळे करता येतील. दोन वर्षं हवीत, बस्स.

इकडे सगळा धान, भाताचा मुलूख. ज्वारीचं कोवळं पान ढोर मारतं हे कोणाला ठाऊक! रखवालदार डोमाला सांगितलं, ढोरं आत येऊ देऊ नको. कारण नाही सांगितलं.

१४ ऑगस्ट


गावातल्या सुखरामच्या दोन म्हशी तार तोडून ज्वारीत घुसल्या. पंधरा मिनिटांत दोन्ही आडव्या — तोंडाला फेस, पाय झाडत, डोळे पांढरे. सुखराम काठी घेऊनच आला. "जहर टाकलं बे तू! माह्या म्हशी मारल्या!" डोमा हात जोडून — "नाही जी, मी काहून टाकीन?" पहिला घाव हातावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा डोक्यावर. मधे गेले तर माझ्या खांद्यावर बसला. डोमा पडला तरी सुखराम मारतच होता!

मी ओरडले, "मारू नका!" एवढंच. ज्वारीचं नाव तोंडातून निघालं नाही.

१५ ऑगस्ट
डोमा भंडाऱ्याच्या दवाखान्यात. डोक्याला अठरा टाके. शुद्ध नाही.

१७ ऑगस्ट
म्हशींना विष घातल्याचा गुन्हा डोमावर! बेशुद्ध माणसाच्या खाटेशी शिपाई बसवलाय. सुखराम जामिनावर मोकळा.

केंद्राच्या साहेबांचा फोन. "हर्षा मॅडम, बावीसला वाण मंजूर करणारी समिती येतेय. तोवर तो सायनाइडचा रिपोर्ट बाहेर काढू नका."

डोमाची बायको तुळसा दवाखान्याच्या पायरीवर भेटली. "बाई, तुमी तं शिकल्या-सवरल्या. सांगा ना पोलिसाईले, माह्या मानसानं जहर नाही टाकलं."

"सांगते," म्हणाले. बावीसनंतर, हे नाही म्हणाले.

१९ ऑगस्ट
गावातल्या लोकांनी तुळसाचं घर फोडलं. छपराचे कवेलू फोडले, चूल लाथाडली. तिला केसाला धरून रस्त्यावर ओढलं — "जहरवालीले गावात ठेवू नका!" सुखराम ओट्यावरून पाहत होता म्हणे.

हे मी जेवताना ऐकलं. जेवण पूर्ण केलं.

२० ऑगस्ट
डोमा गेला. शुद्धीवर न येताच.

दुपारी विळा घेऊन वावरात गेले. एकेचाळीसची अख्खी रांग कापली. बुडखेही उपटले. सात वर्षं! तळहात फाटले. थांबता येईना. रडूही येईना.

२१ ऑगस्ट
सकाळी ठाण्यात गेले, सगळं सांगायला. तुळसा बाकावर बसलेली. लुगडं रक्ताने ओलं. टेबलावर कुऱ्हाड. सुखरामला तिने तासाभरापूर्वी त्याच्याच अंगणात तोडलं.

मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. "डोमाने काही टाकलं नव्हतं. विष ज्वारीतच होतं. मला माहीत होतं."

तुळसाने मान वर केली.

"कवापासून, बाई?"