मोरीतल्या मुंग्या

॥ श्री ॥
कसबा पेठ, पुणे
ता. २१ जुलै २००२

चि. गोदास शालूताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझा लाडवांचा डबा ट्रॅव्हल्सच्या गाडीने काल पोचला. या महिन्यातला हा तिसरा. आता तो ड्रायव्हर मला नावाने ओळखतो. झाकण उघडलं तर आतून तुपाचा थर. खरं सांगते, शिसारी आली. फोनवर तू रडतेस आणि माझं बोलणं राहून जातं, म्हणून लिहिते आहे.

रविराज नोकरीसाठी माझ्याकडे आला त्याला वर्ष झालं. आला तेव्हा बहात्तर किलो होता, आज सत्त्याण्णव आहे. त्या कॉम्प्युटरच्या ऑफिसात गोड थंड पेयांचं यंत्र ठेवलंय. बटण दाबा आणि प्या, विचारणारं कोणी नाही. तुझा मुलगा दिवसाला सहा ग्लास पितो आणि वर मला अभिमानाने सांगतो. दर आठवड्याला कोणाचा तरी वाढदिवस असतोच. केक आधी एकमेकांच्या तोंडाला फासायचा आणि मग तोच बोटाने निपटून खायचा! परवा कॉलरला क्रीम घेऊन घरी आला. मी तो शर्ट दोन बोटांत धरून बादलीत टाकला. तरी घरी आल्यावर भाताचा डोंगर आहेच, आणि वर तुझे लाडू.

आता मुख्य गोष्ट. पंधरा दिवस झाले, मोरीत मुंग्या येताहेत. फिनेल ओतलं तरी रविराज लघवीला जाऊन आला की पुन्हा रांग. तुला आठवत असेल, वाशीमला तुझ्या मोरीतही अशाच लागल्या होत्या आणि आपण दोघी शहाण्या पावडर टाकत बसलो होतो, त्या लघवीतल्या साखरेला लागतात हे कळलंच नाही. त्यानंतर तीन वर्षांनी तुझ्या यजमानांचा, शरच्चंद्ररावांचा पाय कापावा लागला.

मी त्याला धरून डॉक्टर श्रद्धांकडे नेलं. उपाशीपोटी साखर दोनशे दहा निघाली. वय वर्षं पंचवीस! बाई म्हणाल्या, अजून हातात आहे. गोड बंद, भात-पोळी कमी, रोज चालणं, आणि गोळ्या चुकवायच्या नाहीत.

तेव्हा डबे बंद कर. तुझी माया मला ठाऊक आहे, पण यापुढे ती पत्रातूनच पाठव.

तुझी ताई


वाशीम
ता. २९ जुलै २००२

ती. ताईस गोदाचा शि. सा. नमस्कार.

पत्र वाचलं. दोन दिवस मी आमच्या मोरीकडे बघितलं नाही.

पण ताई, खाण्यावरून त्याला टाकून बोलू नकोस. तुला कधी सांगितलं नाही ते सांगते. हे दवाखान्यात होते तेव्हा शेवटच्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडे एक पेढा मागितला. एकच. डॉक्टरांनी बंद केलंय म्हणून मी नाही म्हटलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि चौथ्या दिवशी गेले. रवि तेव्हा बारा वर्षांचा. तेव्हापासून त्याने काही मागितलं आणि मी नाही म्हटलं, असं एकदाही झालेलं नाही. ते माझ्याच्याने होणार नाही.

मला एक सुचलंय. बाई भात-पोळी कमी करा म्हणतात ना? श्रावण लागतोच आहे. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि चतुर्थी, असे उपवास त्याला धरायला लाव. धान्य आपोआप सुटेल आणि देवाचंही होईल. साबुदाणा, बटाट्याचा कीस आणि राजगिऱ्याचे लाडू पाठवते. नाक मुरडू नकोस, लहानपणी एकादशीची वाट सगळ्यांत जास्त तूच बघायचीस.

रागाव हवं तर, पण पत्र लिहायचं सोडू नकोस.

तुझी गोदा


॥ श्री ॥
कसबा पेठ, पुणे
ता. १ सप्टेंबर २००२

चि. गोदास आशीर्वाद.

आज तुझी नाही, मला माझीच किळस आली आहे. तीस वर्षं शाळेत शिकवलं आणि तुझी युक्ती मला पटली! आठवड्यातले तीन-चार दिवस मी स्वतःच्या हाताने पातेलंभर खिचडी केली. बटाटा घालून, वर साखर घातलेलं दही. संध्याकाळी रताळ्याच्या गोड चकत्या. तो पोळीला हात लावत नव्हता, मावशी उपवास आहे म्हणायचा आणि खिचडी तिसऱ्यांदा घ्यायचा. आणि मला त्याच्या संयमाचं कौतुक वाटत होतं.

काल तपासणी झाली. साखर दोनशे अडुसष्ट, वजन नव्याण्णव. काय खातो असं डॉक्टर श्रद्धांनी विचारलं तेव्हा मीच फुशारकीने सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, बटाटा-रताळ्यातही तोच, पोटात गेला की त्याची साखरच होते. सोमवार आहे हे पोटाला कळत नाही. यापेक्षा भाजीबरोबर दोन पोळ्या खाल्ल्या असत्या तर बरं झालं असतं. घरी येऊन उरलेली खिचडी टाकायला घेतली, तो गार, चिकट गोळा हाताला लागला आणि मला ओकारी आली.

अजून एक आहे. नव्या बुटाने त्याची डावी टाच सोलली आहे. तीन आठवडे झाले, भरत नाही. याचा अर्थ तुला मी सांगायला नको.

माझं तो ऐकत नाही. आई पाठवते म्हणजे चालतं, हे त्याचं उत्तर. मंगळवारी, दहा तारखेला गणपती बसतील आणि तो तुझ्या पेढ्यांच्या डब्याची वाट बघतो आहे. आता जे काय सांगायचं ते तूच सांग.

तुझी मूर्ख ताई


वाशीम
ता. ८ सप्टेंबर २००२

चि. रविराजास आईचे अनेक आशीर्वाद.

तू फोनवर पेढे मागितलेस. डबा उघडलास तेव्हा वरच हे पत्र दिसलं असेल. पूर्ण वाच आणि मग खालचा कागद उलगड.

त्यात तुझ्या बाबांची डाव्या पायाची चप्पल आहे. पाय कापल्यावर वर्षभर उजवी झिजत गेली आणि ही तशीच राहिली. मला टाकवली नाही. खाण्याच्या डब्यात चप्पल घालताना माझं मला कसंतरी झालं. हा डबा आता घासूनही कामाचा नाही, परत पाठवू नकोस.

बाबांना एक पेढा नाकारला म्हणून मी तेरा वर्षं रडले. ताईचं पत्र आल्यापासून विचार करते आहे. तो पेढा दिला असता तरी काही बिघडलं नसतं रे, तेव्हा सगळं होऊनच गेलं होतं. नाही म्हणायचं होतं ते त्याआधी दहा वर्षं. तेव्हा मी रोज वाढत होते, आणि ते आवडीने जेवतात म्हणून खूश होते. तुझ्या बाबतीतही मी तेच केलं.

मावशी वाढेल तेवढंच खा. चालायला जा, पण आधी ती टाच डॉक्टरांना दाखव, उद्यावर टाकू नकोस. माझ्यावर चिडलास तरी चालेल.

पेढे पाठवलेले नाहीत. पुन्हा मागशील, तेव्हाही मी नाहीच म्हणेन.

तुझी आई