आईची चमकी कुठल्या बाजूला

अण्णा, तुम्हाला पाहिलेलं माणूस या घरात आता मी एकटाच उरलोय. बायको गेली. मुलगा परदेशात आहे, रविवारी फोन करतो, आणि बोलता बोलता मी गॅस बंद आहे का बघायला उठलो की म्हणतो, "बाबा, बसा हो एका जागी." राजाजीनगरचं हेच घर, हेच स्वयंपाकघर. लिहायची मला सवय नाही. चौथीनंतर तुम्हीच शाळेतून काढून इथल्याच शिवाजीनगरच्या आपल्या ठसे कोरायच्या दुकानात बसवलंत, तेव्हा चुका सांभाळून घ्या. एक गोष्ट झालीय आणि ती सांगायला दुसरं कुणी नाही.

शेजारच्या घरात खाली पुण्याची एक मुलगी राहायला आलीय. एका दुपारी तिच्या खिडकीतून जळक्या लाकडाचा वास आला. लगेच उठलो. काठी घेऊन गेलो, दार वाजवलं, "अगं, आग लागलीय का?" ती हसली नाही, ते मला बरं वाटलं. "काका, लेझर आहे. टेन्शन घेऊ नका, आत येऊन बघा ना." पेटीसारखं यंत्र होतं, आत उजेडाचा एक ठिपका लाकडावर फिरत होता आणि फिरेल तिथलं लाकूड जळून खाली जात होतं. उरलेली रेघ वर. तुमचंच काम, अण्णा, फक्त हात नाही. ही मुलगी कॉम्प्युटरची नोकरी सोडून जपानी चित्रं छापते. तिकडे पूर्वी चित्रं लाकडात कोरून छापायचे, एकेका रंगाचा वेगळा ठसा. पुष्कळ ठसे झिजले, हरवले, कोरणारे थोडे राहिले, छापलेली चित्रं तेवढी उरली. ती त्या चित्रांचे फोटो घेते, कॉम्प्युटरवर रंग सुटे करते आणि यंत्राकडून नवे ठसे कापून घेते. छापते मात्र हातानंच. ठशावर ब्रशनं रंग लावायचा, वर ओलसर पातळ कागद ठेवायचा आणि बांबूच्या पानात गुंडाळलेल्या चकतीनं कागदाची पाठ घासायची. पाठ घासायचं काम ऐकून माझे हात शिवशिवले. तुमच्या उदबत्तीच्या लेबलांचे नमुने मी असेच घासून काढायचो, फडक्याच्या बोळ्यानं, आणि तुम्ही मान न उचलता म्हणायचा, "स्वल्प दमानं, कागद आहे तो, कढई नाही." तिनं मला एक बगळा घासू दिला. कागद महागाचा, फाटला तर काय हीच भीती. फाटला नाही. "काका, रोज या," ती म्हणाली. तेव्हापासून रोज दुपारी जातो. जाताना कुलूप दोनदा ओढून बघतो.

तिला मी आईचा ठसा दाखवला. आई गेली तेव्हा मी इतका लहान होतो की तिचा चेहरा मला आठवत नाही, आणि घरात तिचा एकही फोटो नव्हता. म्हणून तुम्ही तिला शिसवी लाकडात कोरलंत आणि चुलीच्या वरच्या कोनाड्यात ठेवलंत. मला अजून दिसतं, तुम्ही अंघोळ करून येता, तिच्या लाकडी कपाळाला कुंकू लावता, मग चहाचं आधण ठेवता. एकदा दुकानातली शाई लागलेलं बोट मी तिच्या गालावर टेकवलं. "हे छापायचं नाही," तुम्ही म्हणालात. आवाज चढवला नाहीत, पण मला मोरीत नेऊन माझा हात धूत राहिलात, शाई गेल्यावरसुद्धा. मग एकदा बेळगावची मावशी आली. इथल्या कानडी बायका नाकात उजवीकडेही चमकी घालतात, त्यामुळे शेजारणींना काही खटकलं नव्हतं. मावशीला पहिल्या नजरेत खटकलं. "भावजी, अक्काची चमकी डावीकडे होती. हसणंही डावीकडचं. जन्मभर उलटं कोरलंत, बायकोला तरी सुलटं कोरायचं." तुम्ही ठशाकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "मला सुलटंच दिसतं."

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. छापल्यावर सुलटं यावं म्हणून तुमच्या हाताला उलटं कोरण्याचीच सवय, डोळ्यांनाही तीच. मला मात्र दिसायची ती उलटी आई. खरी कशी दिसायची ते बघायला ठशाला शाई लावावी लागली असती, आणि तुम्ही नको म्हणाला होता. तुम्ही गेल्यावरही माझा हात धजला नाही. आता वय झालं, लाकडाला भेग पडलीय, मी गेल्यावर मुलगा त्याचं काय करील कोण जाणे. त्या मुलीनं ठसा हातात घेतला, कुंकवाला धक्का न लावता. म्हणाली, "याला शाई नकोच लावूया. फोटो घेते, दुसरा कापूया. तुमच्या अण्णांचा आहे तसाच राहील." भेग कॉम्प्युटरवर बुजवू का, तिनं विचारलं. मी राहू दे म्हणालो.

नव्या ठशावर काळी शाई तिनं लावली, कागद मी घासला. घासताना तुमचा आवाज ऐकू येत होता, दमानं. कागद उचलला. चमकी डावीकडे, हसू डावीकडे, केस दुसरीकडे वळलेले. एक अनोळखी बाई माझ्याकडे बघत होती. मुलगी वाकून बघत होती. "काका, या तर माझ्याच वयाच्या आहेत. अशाच दिसायच्या का?" मी म्हणालो, "हो, अगदी अशाच." घरी आणून ते चित्र टेबलावर ठेवलं आणि त्या बाईसमोर जेवलो. लहानपणी ताप आला की मी जिच्याशी बोलायचो, बायको गेली तेव्हा जिच्यासमोर बसलो, ती ही नव्हती. तुमची बायको ही असेल, अण्णा. मावशीची अक्का ही असेल.

हे पत्र कुठे टाकणार, इथेच राहील, ठशाखाली. काल त्या मुलीनं विचारलं, "फ्रेम केलीत का?" मी केली म्हणालो, आणि ते खरं आहे. तिला सांगितलं नाही ते एवढंच, की तो कागद पातळ आहे, शाई पाठीपर्यंत झिरपलीय, आणि मी काचेत कागदाची पाठ पुढे घातलीय. तिकडून चमकी उजवीकडे आहे.