तोंडात वडा असताना

कॅरी, नॉर्थ कॅरोलिना
१४ ऑक्टोबर २००६

तीर्थस्वरूप उल्हासमामा,

भाचीचा नमस्कार कोर्टाने दाखल करून घ्यावा. (न्यायाधीश रिटायर झाला तरी घरातलं कोर्ट उठत नाही, असं मामी म्हणते.) गुडघा कसा आहे? जिना टाळता ना? आमच्या सावनीसाठी तुम्ही सुचवलेल्या वेदच्या स्थळाबद्दल आणि साताऱ्यात धरून ठेवलेल्या कार्यालयाबद्दल लिहायचंय, पण ते शेवटी. आधी मी ज्युरीत बसले ते ऐका.

इतकी वर्षं टाळून गेल्या वर्षी सिटिझन झाले, तोच समन्स आलं. गिरीश म्हणाले, काहीतरी सांगून कटव. पण तुमच्या भाचीने कोर्टाचं बोलावणं कटवायचं म्हणजे घराण्याला बट्टा. इस्त्रीची साडी नेसून गेले, तर दारावरच्या पोलिसाने मला दुभाषी समजून भलत्याच खोलीत बसवलं. खटला एवढासाच: एका रंगाऱ्यावर शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र पळवल्याचा आरोप. दोन दिवसांत त्या माणसाने चकार शब्द काढला नाही. जज्जसाहेबांनी बजावलं, त्याचं गप्प बसणं त्याच्याविरुद्ध धरायचं नाही, घटनेच्या पाचव्या दुरुस्तीने त्याला तो हक्क दिलाय. मी मनात म्हटलं, लाडू कुणी खाल्ले असं विचारल्यावर जो गप्प बसतो त्यानेच ते खाल्लेले असतात. याला घटना कशाला हवी?

पुढे बाराजणांचं एकमत लागतं. (आमच्या महाराष्ट्र मंडळात हा नियम असता तर पहिला गणपती अजून बसला नसता.) अकराजण म्हणाले, पुरावा नाही, निर्दोष. बारावी मी. मी त्यांना 'मौनं संमतिलक्षणम्' समजावलं, अगदी संस्कृतसकट, आणि दाखला म्हणून माझंच लग्न सांगितलं: दाखवायच्या कार्यक्रमात मामांनी विचारलं, मी मान खाली घातली, मामांनी पसंती जाहीर केली. त्यावर एका रिटायर्ड शिक्षिकेने शांतपणे विचारलं, पण तू गप्प का होतीस?

मामा, सत्तावीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. खरं सांगते, माझ्या तोंडात गरम बटाटेवडा होता. जीभ पोळली होती आणि पाहुण्यांसमोर थुंकायची सोय नव्हती. गिरीश चांगले निघाले, मी सुखात आहे, पण तो निकाल वड्याचा होता, माझा नव्हे. हे त्या खोलीत कबूल केलं आणि पाच मिनिटांत रंगारी सुटला. जाताना माझ्याकडे बघून हसला, बोलला मात्र तेव्हाही नाही.

मामीला नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची,
मृणालिनी

ता. क. फोनवर तुम्ही वेदबद्दल विचारलंत तेव्हा सावनी गप्प राहिली आणि तुम्ही कार्यालय धरलंत. तो होकार नव्हता. मीही तेव्हा गप्प बसले, त्याची मला लाज वाटते. कार्यालय सोडून द्या आणि मुलाकडच्यांना तसं कळवा.

आणखी ता. क. पाकीट बंद करण्याआधी पत्र सावनीला वाचायला दिलं. वाचून म्हणाली, "थँक्स, आई. बाय द वे, तो वेद इकडे अमेरिकेतच, बॉथेलला असतो ना? त्याचा ईमेल आहे का तुझ्याकडे?" कशाला ते मी विचारलं नाही. तेव्हा मुलाकडच्यांना एवढ्यात काही कळवू नका. आणि कार्यालयवाल्याने विचारलं तर नुसते गप्प बसा. तो साताऱ्याचाच आहे, होकार धरेल.